कच्चा क्वार्टरबॅक पिकतो कसा?

४ मार्च २०२३. इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑईल स्टेडियममध्ये वीस वर्षांचा एक मुलगा जागच्या जागी गुडघे वाकवतो आणि सरळ वर उडी घेतो. नोंद होते ४०.५ इंचांची, म्हणजे जवळजवळ १०३ सेंटिमीटर. मुलाची उंची ६ फूट ४ इंच, वजन ११० किलो. मग तो जागेवरूनच लांब उडी मारतो, १० फूट ९ इंच. मग ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.४३ सेकंदांत पळतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी कॉलेजमधले नवे खेळाडू निवडण्याच्या, आधी होणाऱ्या या चाचण्यांना कंबाइन म्हणतात. उपलब्ध नोंदींमध्ये एकाही क्वार्टरबॅकने, म्हणजे संघासाठी पास फेकणाऱ्या खेळाडूने, तिथे त्याआधी इतकी उंच किंवा इतकी लांब उडी मारलेली नव्हती.

मुलाचं नाव अँथनी रिचर्डसन. याच मुलाने आदल्या वर्षी फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना ३२७ पास फेकले होते आणि त्यातले १७६ पूर्ण झाले होते (सहकाऱ्याने झेलला की पास पूर्ण). म्हणजे शंभरातले चौपन्नसुद्धा नाहीत. वरच्या, व्यावसायिक स्तरावर जायचं असेल तर कॉलेजात साठ-पासष्ट टक्के तरी हवेत, असं साधारण धरलं जातं. शिवाय कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून त्याने सुरुवातीपासून खेळलेले सामने फक्त तेरा. आठ आठवड्यांनी इंडियानापोलिस कोल्ट्सने त्याला ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलं. ज्या मैदानावर त्याने त्या उड्या मारल्या, तेच त्याचं घरचं मैदान झालं.

असं का करतात? ज्याला पास नीट टाकता येत नाही त्याला पास टाकण्याच्या कामासाठी कोट्यवधी डॉलर का देतात? आणि एकदा घेतला की त्याला तयार कसं करतात? गेली काही वर्षं रविवारी रात्री साडेदहाला सामने लावून बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न या खेळातला सगळ्यात मोठा वाटतो. म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, सात फेऱ्यांचा. आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट, त्याला पहिली निवड. खेळाडू येतात ते कॉलेजमधून, आणि शाळा संपून किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. क्वार्टरबॅक म्हणजे मधोमध उभा राहणारा, प्रत्येक डावपेचात चेंडू ज्याच्या हातात येतो तो खेळाडू. क्रिकेटमध्ये कप्तान, यष्टिरक्षक आणि सलामीचा फलंदाज ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे दिली, तर त्याच्यावर जेवढं अवलंबून राहील, त्याहून थोडं जास्तच इथे राहतं. चांगला क्वार्टरबॅक नसेल तर बाकी संघ कितीही भक्कम असो, जानेवारीत, प्लेऑफच्या म्हणजे बाद फेरीच्या वेळी, तो घरी बसलेला असतो.

कोल्ट्सना हे पुरतं ठाऊक होतं. त्यांचा अँड्र्यू लक ऑगस्ट २०१९ मध्ये अचानक निवृत्त झाला. त्यानंतर चार हंगामांत चार वेगळे क्वार्टरबॅक आले: जकोबी ब्रिसेट, फिलिप रिव्हर्स, कार्सन वेंट्झ, मॅट रायन. दुसऱ्यांनी वापरून सोडलेली माणसं दरवर्षी आणायची आणि दरवर्षी नव्याने सुरुवात करायची, याला ते कंटाळले होते. २०२३ मध्ये त्यांची पाळी येईपर्यंत ब्राइस यंग आणि सी. जे. स्ट्राउड हे दोघे त्यातल्या त्यात तयार क्वार्टरबॅक गेलेले होते. उरला तो उड्या मारणारा मुलगा.

प्रशिक्षकांचा हिशेब असा असतो: वेग, उंची आणि हाताची ताकद शिकवता येत नाही, बाकीचं शिकवता येतं. आपल्याकडे ताशी १५० किलोमीटरने टाकणारा पण टप्पा नसलेला पोरगा दिसला की निवड समितीच्या डोळ्यांत जी चमक येते, तीच ही. हिशेबाचा पहिला भाग खरा आहे. घोटाळा दुसऱ्या भागात आहे. ‘बाकीचं’ म्हणजे नेमकं काय, ते किती आहे, आणि ते शिकवायला या खेळात वेळ कुठे आहे?

‘बाकीचं’ काय असतं ते बघायला एकच प्ले, म्हणजे एकच डावपेच, घेऊ.

आधीचा प्ले संपला की ४० सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो, त्यातून प्रशिक्षक पुढचा प्ले सांगतो. तो दहा-बारा शब्दांचा एक मंत्र असतो: मांडणी कशी, कोणी जागा बदलायची, लाइनने (क्वार्टरबॅकपुढे उभ्या असलेल्या अडवणाऱ्यांनी) कोणाला अडवायचं, कोणत्या रिसीव्हरने (पास झेलणाऱ्याने) कुठल्या वाटेने पळायचं, आणि समोरची मांडणी बघून गडबड वाटली तर बदली प्ले कोणता. घड्याळात १५ सेकंद उरले की स्पीकर बंद पडतो. तिथून पुढे पोरगा एकटा. तो मंत्र त्याने दहा सहकाऱ्यांना न चुकता म्हणून दाखवायचा, पुढे येऊन उभं राहायचं आणि समोरच्या अकरा जणांकडे बघायचं. बचावातले सगळ्यात मागचे दोघे, म्हणजे सेफ्टी, किती खोल उभे आहेत? त्यांच्या पुढे उभ्या असलेल्या लाइनबॅकरपैकी मधला कोण धरायचा? कोण अंगावर येणार आणि कोण नुसतं तसं दाखवतोय? त्यावरून लाइनला हाताने आणि ओरडून सूचना द्यायच्या. हे सगळं सत्तर हजार माणसं किंचाळत असताना.

मग चेंडू हातात येतो, आणि तिथून साधारण अडीच-तीन सेकंद असतात. पावलं मोजलेली असतात: तीन पावलं मागे, किंवा पाच, किंवा सात. प्रत्येक पाऊल एकेका रिसीव्हरच्या पळण्याशी बांधलेलं असतं. पाचवं पाऊल टेकलं की पहिला रिसीव्हर वळलेला असायला हवा. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी पुढे, नजर दुसऱ्याकडे. तोही नसेल तर आणखी एक, नजर तिसऱ्याकडे. म्हणजे पाय हेच घड्याळ असतं. अनुभवी क्वार्टरबॅकला डोळे आणि पाय वेगळे आहेत हे जाणवतही नाही. नवख्याचे डोळे पहिल्या रिसीव्हरवर चिकटतात, पाय थांबतात, आणि मग तो सगळं सोडून पळत सुटतो. कॉलेजात पळून सुटका व्हायची, कारण तिथे मागे लागणारे त्याच्याइतके वेगवान नसायचे. इथे १२० किलोचा माणूससुद्धा त्याला गाठतो.

कॉलेजच्या खेळाचाही यात वाटा आहे. तिथल्या बऱ्याच संघांत क्वार्टरबॅक कडेला बघतो, प्रशिक्षक समोरची मांडणी वाचून खुणा करतात, आणि पोरगा तेवढं करतो. वाचायचं काम मोठ्यांनी केलेलं असतं. शिवाय तिथे ‘मोकळा रिसीव्हर’ म्हणजे खरोखर मोकळा, दोन-तीन यार्ड सुटलेला. एनएफएलमध्ये अर्धं पाऊल पुढे असलेल्याला मोकळा म्हणतात. तो मोकळा होण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असावा लागतो. दिसल्यावर फेकायचं आणि दिसणार म्हणून फेकायचं, या दोन वेगळ्या विद्या आहेत.

आता नेम. पास चुकतो तो बहुतेक वेळा हाताने नाही, पायाने चुकतो. क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे पटेल. कव्हरवरून स्टंपवर थेट फेक करायची तर पाय रोवून, पुढचा पाय लक्ष्याकडे टाकून, कंबर वळवून मग हात येतो. पाय न रोवता नुसत्या हाताच्या जोरावर फेकली की ती यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून जाते. रिचर्डसनचे चुकलेले पास मी मागे-पुढे करून अनेकदा पाहिले आहेत. पुष्कळदा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला पडलेला असतो, कंबर आधीच उघडलेली असते, आणि चेंडू मोकळ्या रिसीव्हरच्या डोक्यावरून निघून जातो. लांबच्या पासला तो राजा आहे. २०२४ च्या पहिल्याच सामन्यात ह्यूस्टनविरुद्ध मागच्या पायावर रेलून त्याने ॲलेक पियर्सला ६० यार्डांचा टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) टाकला, तो पाहून मी मध्यरात्री घरातल्यांना उठवलं होतं. पण सहा यार्डांवरच्या माणसाला हातात अलगद द्यायचा चेंडू तो तोफगोळ्यासारखा मारतो. ताकद असलेल्या माणसाला हळू फेकायला शिकवणं फार कठीण असतं.

ही चूक सुधारते का? वर्षानुवर्षं जाणकारांचं उत्तर ‘नाही’ असंच होतं. नेम उपजत असतो, कॉलेजात नसेल तर पुढे येत नाही, असं ते ठामपणे सांगत. मग जॉश ॲलन आला.

ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीच्या गावचा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला बोलावलं नाही. तो जवळच्या रीडली कॉलेजात एक वर्ष खेळला, तिथून देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवत राहिला, आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतलं. तिथे पास पूर्ण होण्याचं प्रमाण ५६.२ टक्के. हात मात्र असा की चेंडू मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये बफेलो बिल्सने बाराव्या क्रमांकावरून वर सरकून त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा पुष्कळांनी कपाळावर हात मारला. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर जॉश रोझन होता. त्याची फेक पुस्तकातल्यासारखी, आणि सगळ्यात तयार तोच, असं म्हटलं जात होतं. ॲरिझोनाने रोझनला एका वर्षात दुसरीकडे धाडलं.

ॲलनचं पहिलं वर्ष अवघड होतं. बिल्सचा विचार त्याला आधी बाकावर बसवायचा होता. पहिला सामना नेथन पीटरमनने सुरू केला, बिल्स बाल्टिमोरकडून ४७-३ असे हरले, आणि त्याच सामन्यात पोराला आत पाठवावं लागलं. त्या हंगामात ५२.८ टक्के. दुसऱ्या वर्षी ५८.८. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये ह्यूस्टनविरुद्ध १६-० अशी आघाडी घेऊन बिल्स हरले. त्या सामन्यात एकदा पकडला गेल्यावर, पडता पडता, त्याने चेंडू बाजूच्या सहकाऱ्याकडे भिरकावला होता. अंगात आलेल्या माणसासारखा खेळत होता तो. असा सामना कितीतरी तरुण क्वार्टरबॅकांचा शेवटचा ठरला असता.

तिसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, ६९.२ टक्के. पासवर ४,५४४ यार्ड, ३७ टचडाउन, संघाचे १३ विजय आणि ३ पराभव. २०२४ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

या उडीचं श्रेय ॲलनच्या मेहनतीला देऊन लोक पुढे जातात. मेहनत होतीच. सुट्टीच्या महिन्यांत तो कॅलिफोर्नियात जॉर्डन पामरकडे फेक शिकत राहिला. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, सगळ्यात शेवटी हात, ही साखळी त्याने पुन्हा जुळवली. पण बफेलोने काय केलं तेही बघा. आक्रमणाचा प्रशिक्षक ब्रायन डेबॉल पहिल्या चारही वर्षांत तोच राहिला, म्हणजे तो दहा-बारा शब्दांचा मंत्र पोराला दरवर्षी नव्याने पाठ करावा लागला नाही. २०१९ मध्ये त्यांनी मिच मोर्स हा सेंटर (लाइनच्या मधला खेळाडू) आणला आणि जॉन ब्राउन, कोल बीझली हे दोन अनुभवी रिसीव्हर आणले. २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड मोजून स्टेफॉन डिग्जला आणलं. डिग्ज अर्ध्या पावलाऐवजी दीड पाऊल मोकळा व्हायचा. पोरगा दोन वर्षं चुकत असताना त्याच्याभोवतीचं घर ते बांधत राहिले, आणि त्याला खेळवत राहिले. पहिल्या दोन हंगामांत त्याने ७८१ पास फेकले. हा आकडा लक्षात ठेवा.

आंबा आढीत घातल्यावर रोज काढून दाबून बघायचा नसतो, हे कोकणातल्या पोरालाही माहीत असतं. पण आढी बिघडली, गवत ओलं राहिलं, तर तोच आंबा नासतो, आणि आपण म्हणतो की आंबाच वाईट होता. क्वार्टरबॅकच्या बाबतीत हे सतत घडतं. ड्राफ्टमध्ये बोली लागते ती मुलावर, आणि खरी परीक्षा असते ती संघाच्या घराची.

यात बदललेल्या नियमांचाही मोठा हात आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारात खेळाडूंच्या शरीराची काळजी म्हणून सराव बराच कमी केला गेला. उन्हाळ्याआधीचा कार्यक्रम चौदा आठवड्यांवरून नऊ आठवड्यांवर आला. दिवसातून दोनदा पॅड घालून सराव करायला बंदी आली. हंगाम चालू असताना पॅड घालून सराव फक्त चौदा वेळा. २०२१ पासून हंगामापूर्वीचे सामनेही चारऐवजी तीन झाले. डोक्याला होणाऱ्या इजांचा विचार करता हे योग्यच होतं, मी त्याविरुद्ध नाही. पण कच्च्या मुलाच्या शिकण्यातली वर्षं त्यात गेली. पूर्वी एनएफएल युरोप नावाची वसंत ऋतूत चालणारी लीग होती. कर्ट वॉर्नर १९९८ मध्ये ॲमस्टरडॅमकडून तिथे खेळला आणि पुढच्याच वर्षी एनएफएलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. ती लीग २००७ मध्ये बंद पडली. आज या खेळाला रणजी करंडक नाही. कॉलेज आणि त्यानंतर थेट कसोटी.

आठवड्याच्या सरावातही हिशेब निर्दयी असतो. बुधवार ते शुक्रवार जेवढे प्ले होतात त्यातले बहुतेक सगळे रविवारी खेळणाऱ्या क्वार्टरबॅकला मिळतात. दुसरा क्वार्टरबॅक सरावात प्रतिस्पर्धी संघाचे प्ले करून दाखवतो, आपल्याच बचावाला तयारी व्हावी म्हणून. म्हणजे जो बसून शिकतोय तो आपल्या संघाची भाषा बोलतच नाही, दुसऱ्याचीच बोलतो.

म्हणून ‘बसवावं की खेळवावं’ हा वाद कधी मिटत नाही. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं एक म्हणतो. गाळात ढकलू नका, असं दुसरा म्हणतो. दोघांकडे दाखले आहेत. पॅट्रिक माहोम्सला २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्यावरून दहाव्या क्रमांकावर सरकून घेतलं आणि वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे ठेवलं. त्या वर्षी तो डेन्व्हरला शेवटचा एकच सामना खेळला. पुढच्या हंगामात ५० टचडाउन आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. ग्रीन बेने जॉर्डन लव्हला ॲरन रॉजर्सच्या मागे तब्बल तीन वर्षं ठेवलं, आणि २०२३ मध्ये त्याने ३२ टचडाउन टाकले. पण बसण्यातून शिकायचं तर समोर शिकण्यासारखा माणूस हवा, त्याला शिकवायची इच्छा हवी आणि संघ तोपर्यंत जिंकत हवा. ज्या संघाला चौथी निवड मिळते, त्याच्याकडे यातलं बहुधा काहीच नसतं.

ट्रे लान्सकडे हे सगळं होतं, तरी जमलं नाही. नॉर्थ डकोटा स्टेट या छोट्या विद्यापीठाकडून तो सुरुवातीपासून सतरा सामने खेळला होता. २०२० मध्ये कोविडमुळे त्याला एकच सामना मिळाला. सॅन फ्रान्सिस्कोने २०२१ मध्ये पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन तिसऱ्या क्रमांकावर त्याला घेतलं. एक वर्ष तो जिमी गारोपोलोच्या मागे बसला. २०२२ मध्ये संघ त्याच्या हाती दिला आणि दुसऱ्याच सामन्यात, सिएटलविरुद्ध, चेंडू घेऊन धावताना त्याचा घोटा मोडला. त्याच हंगामात ब्रॉक पर्डी उभा राहिला. तो ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू, पण आयोवा स्टेटमध्ये चार वर्षं खेळून पक्का झालेला. लान्स सॅन फ्रान्सिस्कोसाठी एकूण १०२ पास फेकून डॅलसला गेला, चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात. त्याला येत होतं की नव्हतं, हे १०२ पासवरून कोणीच प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही.

लान्सचा घोटा धावताना मोडला, हा योगायोग नव्हता. कच्च्या पण चपळ क्वार्टरबॅकला शिकेपर्यंत तगवायचा मार्ग म्हणजे त्याला पळवायचं. त्यामागे साधं गणित आहे. एरवी चेंडू दुसऱ्याच्या हातात देऊन क्वार्टरबॅक बघत उभा राहतो, म्हणजे दहा जण अकरांशी लढतात. तोच पळू शकत असेल तर अकरा विरुद्ध अकरा. बचावातला एक माणूस मुद्दाम मोकळा सोडायचा, तो कुणाच्या अंगावर जातो ते बघायचं आणि त्याच्या उलट करायचं. यात वाचायचं असतं फक्त एका माणसाला. नवख्याला ते जमतं, बचाव गोंधळतो, सेफ्टी पुढे सरकतात आणि मागे लांबचा पास मोकळा होतो. बाल्टिमोरने लमार जॅक्सनसाठी २०१९ मध्ये सगळं आक्रमणच या पायावर उभारलं. जॅक्सन १,२०६ यार्ड धावला, ३६ टचडाउन पास टाकले आणि एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला.

पण प्रत्येक धाव म्हणजे अंगावर एक आघात. रिचर्डसनने पहिल्या वर्षी चार सामन्यांत धावून चार टचडाउन केले. त्यातल्या दुसऱ्या सामन्यात त्याला डोक्याला मार लागला आणि पाचव्या आठवड्यात टेनेसीविरुद्ध खांदा निखळला. शस्त्रक्रिया, हंगाम संपला. एकूण ८४ पास. ज्याला सगळ्यात जास्त सामने खेळायची गरज होती, तोच तेरा सामने बाकावर. पळवून वेळ विकत घ्यायला जावं, आणि तोच वेळ दवाखान्यात जावा. मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वात जास्त लागते.

पैशांचं घड्याळ वेगळंच चालू असतं. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ च्या कराराने नव्या खेळाडूंचे पगार बांधून टाकले आणि पुढच्याच पहिल्या क्रमांकाला, कॅम न्यूटनला, चार वर्षांचे सुमारे २ कोटी २० लाख मिळाले. रिचर्डसनचा करार चार वर्षांचा, जवळपास ३ कोटी ४० लाखांचा. पक्क्या क्वार्टरबॅकला आज वर्षाला ५ कोटींहून जास्त लागतात, म्हणून स्वस्तातली ही चार वर्षं संघांना सोन्यासारखी वाटतात. त्या काळात जिंकून घ्यायचं, असा दबाव मालकाचा, व्यवस्थापकाचा आणि ज्याची नोकरी टांगणीला असते त्या प्रशिक्षकाचा. कच्च्या मुलाला लागतात तीन वर्षं आणि संघाचा धीर टिकतो दीड.

एक जुनी जखम इथे सांगायलाच हवी. ‘कच्चा पण चपळ’ हे विशेषण अनेक दशकं कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकांना सरसकट लावलं गेलं. गोरा मुलगा हुशार, काळा मुलगा चपळ. वॉरन मूनला १९७८ मध्ये कोणत्याच संघाने ड्राफ्टमध्ये घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनसाठी पाच वेळा ग्रे कप हा तिथला करंडक जिंकला, १९८४ मध्ये ह्यूस्टनला आला आणि शेवटी हॉल ऑफ फेममध्ये पोचला. लमार जॅक्सनलासुद्धा २०१८ मध्ये बिल पोलियनसारख्या नावाजलेल्या माजी व्यवस्थापकाने रिसीव्हर हो असा सल्ला जाहीरपणे दिला होता. म्हणून एखाद्या मुलाला कच्चा म्हणताना मी आता आधी विचारतो: नेमकं काय कच्चं? पाय? वाचन? की फक्त अनुभव? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांना औषधंही वेगळी आहेत. पाय सुधारायला सुट्टीचे महिने पुरतात. वाचन सुधारायला तोच प्रशिक्षक आणि तोच मंत्र काही वर्षं लागतो. अनुभवाला सामन्यांशिवाय दुसरं औषध नाही.

अलीकडे यावर थोडा उतारा सापडतो आहे, तोही अनपेक्षित ठिकाणी. जुलै २०२१ पासून कॉलेजमधल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. त्यामुळे विसाव्या वर्षी घाईने बाहेर पडण्याचं मोठं कारण गेलं. कॅम वॉर्डने २०२४ च्या ड्राफ्टसाठी नाव दिलं, मग मागे घेतलं, मायामी विद्यापीठात आणखी एक वर्ष खेळला आणि २०२५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. जेडन डॅनियल्स सुरुवातीपासून ५५ कॉलेज सामने खेळून वॉशिंग्टनला आला आणि २०२४ चा सर्वोत्तम नवोदित ठरला. रिचर्डसनचे तेरा आठवतात ना?

त्याचं पुढे काय झालं ते सांगतो. २०२४ मध्ये तो परतला आणि २६४ पासपैकी १२६ पूर्ण केले, ४७.७ टक्के. ऑक्टोबरमध्ये ह्यूस्टनला तो एका प्लेसाठी स्वतःहून बाहेर आला आणि नंतर सरळ सांगितलं की दमलो होतो. त्यावरून केवढा गदारोळ झाला. बावीस वर्षांच्या मुलाने खरं बोलावं आणि त्याची किंमत मोजावी, हे बघणं जड गेलं. त्याला दोन सामने बसवून ३९ वर्षांच्या जो फ्लॅकोला खेळवलं. दोन्ही सामने संघ हरला. मग न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध तो परत आला: ३० पैकी २० पास पूर्ण, एक टचडाउन पासवर, दोन धावून, आणि २८-२७ असा विजय. पाय जागेवर पडत होते त्या दिवशी. नजर पहिल्यावरून दुसऱ्याकडे जात होती. २०२५ मध्ये मात्र प्रशिक्षक शेन स्टायकेन यांनी डॅनियल जोन्सला पसंती दिली, आणि ऑक्टोबरमध्ये सामन्याआधी अंग मोकळं करताना रबरी पट्ट्याने रिचर्डसनच्या डोळ्याला इजा झाली.

आता तो आकडा आठवा. ॲलनने पहिल्या दोन हंगामांत फेकलेले पास ७८१. रिचर्डसनचे कॉलेजातले ३९३ आणि कोल्ट्ससाठी पहिल्या दोन हंगामांतले ३४८ मिळवले तर होतात ७४१. म्हणजे २०२४ संपेपर्यंत कॉलेज धरून त्याने जेवढे पास फेकले, त्याहून जास्त ॲलनने बफेलोत फक्त चुकण्याच्या वर्षांत फेकले होते.

ॲलनचा वाढदिवस २१ मे, रिचर्डसनचा २२ मे. ॲलनचं ते तिसरं वर्ष सुरू झालं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. रिचर्डसन चोवीसचा होतो मे २०२६ मध्ये.